टांगा म्हणजे दूध

॥ श्री ॥

छत्रीबाग, इंदूर
१८ नोव्हेंबर १९५३

ती. दादास कुमुदचा सा. नमस्कार वि. वि.

तार पोचली असेलच. तारेत तात्यांना अर्धांगाचा झटका आला आणि जिवावरचं टळलं, एवढंच लिहिता आलं. बाकीचं आता लिहिते. दिवाळी आटोपल्यानंतर ते एका सकाळी पूजेला बसले होते. बराच वेळ घंटा वाजली नाही म्हणून मी डोकावले, तर पळी हातातून गळून पडलेली आणि ते भिंतीला कलंडलेले. उजवा हात आणि पाय गेलाय. तोंडही थोडं वाकडं झालंय. पाय पुढे जरासा सुधारेल असं डॉक्टर म्हणतात.

पण खरं दुखणं पायाचं नाही, दादा. तात्यांचे शब्द हरवलेत. बोलतात, पण भलतंच. पाणी हवं असलं की पतंग म्हणतात. चष्म्याला भोपळा म्हणतात. आपल्याला कळलं नाही की डोळे भरून येतात त्यांचे. ज्या माणसाने आपल्याला लहानपणी एक शब्द सुखासुखी गिळू दिला नाही, जेवायला बसलं की प्रत्येक शब्दाच्या मुळाची एक थाप तयार ठेवली, त्याच्यावरच ही पाळी यावी याला काय म्हणायचं.

चुकले की लगेच सुधारा, असं डॉक्टरांनी बजावलंय. मी शाळेतल्या पोरींना सुधारते तशी त्यांना सुधारते. पतंग नव्हे, पाणी म्हणा, असं पुन्हा पुन्हा सांगते. ते खूप प्रयत्न करतात आणि मग भिंतीकडे तोंड फिरवतात. कालपासून बोलणंच टाकलंय. तहान लागली तरी मागत नाहीत.

मी शाळेत गेले की शेजारच्या सरलाकाकू येऊन बसतात. सरकारने राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर अशी दोन गावांत वाटून घेतली आणि आपलं घरही वाटलं गेलं. उन्हाळ्यात दफ्तर इंदूरला येईल तेव्हा तू येशीलच, पण उन्हाळा फार लांब आहे. शालिनीवहिनींना नमस्कार.

कळावे. लोभ आहेच, रजाही असावी ही विनंती.

तुझी
कुमुद


॥ श्री ॥

लष्कर, ग्वाल्हेर
२४ नोव्हेंबर १९५३

चि. कुमुद हीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आधी शालिनीने वाचलं, मग मी वाचलं, मग दफ्तरात घेऊन गेलो ते दिवसभर खिशातच राहिलं. कामात लक्ष नव्हतं. ऑक्टोबरात दफ्तर इकडे हललं तेव्हा तात्या उदयसिंहाच्या टांग्यातून मला स्टेशनवर पोचवायला आले होते. गाडी सुटेपर्यंत त्यांनी दफ्तर या शब्दाचं मूळ सांगितलं. आधी दप्प करून फाईल आपटते आणि मग 'तर' म्हणून कारकून सबब सांगायला लागतो, त्याचं झालं दफ्तर. आमचे सगळे बाबूलोक हसले, सुपरिंटेंडेंटसाहेब तेवढे हसले नाहीत. निघताना तात्या म्हणाले की एप्रिलात दरवर्षीसारखा याच टांग्यातून न्यायला येईन.

रजेचं कठीण आहे. बजेटाचे कागद चालू आहेत आणि साहेब कुणाचंच ऐकत नाहीत. मी खटपट करतो.

आता एक सांगतो ते ऐक. डॉक्टर शहाणे असतील, पण ते आपल्या घरात वाढलेले नाहीत. आपल्याकडे चुकीचा शब्द म्हणून काही नव्हताच, मूळ न सापडलेला शब्द असायचा. आठव. उशिरा उठणाऱ्यांची वस्तू ती उशी, त्यातला र त्यांना झोपेत म्हणता आला नाही. बड्या गणपतीपाशी तांदळाची आणि डाळीची गाडी एकमेकींत अडकली, गाडीवाले खिच खिच ओरडू लागले आणि शिपायाने छडी उगारली, रस्त्यावर जे सांडलं ती खिचडी. मग आता पाळी आपली. तात्या पाण्याला पतंग म्हणतात ना, तर पाण्याला पतंगच म्हणतात, आणि का म्हणतात ते आपण सांगायचं.

हे घे पहिलं. फार वर्षांपूर्वी छत्रीबागेत एकच विहीर होती. संक्रांतीला कापलेले पतंग तिच्यात पडायचे. पोरं ते काढायला निघाली की आया हातात घागर द्यायच्या, जातोच आहेस तर भरून आण म्हणून. पुढे पतंग संपले, घागर तेवढी राहिली, पण कुठे चाललास विचारलं की पोरं सांगायची, पतंग आणायला. तात्यांना हे जेवताना वाचून दाखव, आणि चेहरा गंभीर ठेव. तात्या कधी आपल्या आधी हसत नसत.

स्वतःला जप. तुझ्या पाठीशी आहे, निदान पोस्टाने तरी.

लक्ष्मीकांत


॥ श्री ॥

छत्रीबाग, इंदूर
१२ डिसेंबर १९५३

ती. दादास सा. नमस्कार वि. वि.

तू लांब बसून भली विद्या शिकवलीस. तुझं पत्र मी तात्यांना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. दफ्तराचं मूळ ऐकून त्यांनी मान डोलावली. स्टेशनचं, टांग्याचं वाचलं तेव्हा माझा हात धरून ठेवला. आणि पतंगाशी आल्यावर ते हसले. अर्ध्याच तोंडाने, पण ते हसू आपल्या ओळखीचं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

त्या दिवसापासून सुधारणं बंद. चष्म्याचं मूळ मी रचलं. एका गरीब कारकुनाने भोपळ्याच्या दोन चकत्या दोऱ्याने डोळ्यांवर बांधल्या, दिसेना काहीच, पण साहेबांना वाटलं की हा फार वाचतो आणि त्याला बढती दिली. तात्या पुन्हा मागू लागलेत, जेवू लागलेत. सरलाकाकूंना ते जकात म्हणतात. काकू आधी फुगून बसल्या, मग गल्लीत कुणी नवी सब्जी आणली तरी ती उघडून पाहिल्याशिवाय यांच्या दारावरून पुढे जात नाही, याची मी आठवण करून दिली. हा शब्द चुकला असं मला तरी वाटत नाही.

नवा शब्द निघालाय टांगा. दिवेलागणीला वरच्या खिडकीशी बसून म्हणतात आणि डावा हात हलवतात. मला काही उमगेना. शेवटी ती त्यांची दुधाची वेळ म्हणून मी पेला पुढे केला. पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पिऊन टाकलं. प्यायले त्या अर्थी तेच हवं असणार. परवा तर गंमतच झाली. त्यांनी खिडकीतून म्हटलं आणि खाली उदयसिंह खरोखरच टांगा थांबवून दारात आला. मी त्याला हसत समजावलं की भिया, आमच्याकडे हल्ली टांगा म्हणजे दूध. तो थोडा वेळ वर बघत उभा राहिला आणि गेला. या टांग्याचं मूळ तूच पाठव, मला सुचत नाही.

पण दादा, मूळ पाठवणारा वेगळा आणि चादरी बदलणारी वेगळी, असं किती दिवस चालायचं? टोमणा म्हणून नाही लिहीत, थकले म्हणून लिहिते. पत्र आलं की ते पाकीट गालाला लावून बसतात. पाकिटाजागी तू का नसावास?

माया पातळ होऊ देऊ नये ही विनंती.

कुमुद


॥ श्री ॥

लष्कर, ग्वाल्हेर
२० डिसेंबर १९५३

चि. कुमुद हीस अनेक आशीर्वाद.

टांग्याचं मूळ पाठवतो. जुन्या काळी इंदुरात दूध गावाकडून टांग्यातून यायचं. रस्ते असे की येईपर्यंत अर्ध्याचं लोणी व्हायचं. गवळ्याची वाट बघत बायका दारात उभ्या राहायच्या आणि एकमेकींना विचारायच्या, टांगा आला का. मग हळूहळू टांगा उतू जाऊ लागला, टांगा नासू लागला, आणि एक म्हातारी तर रोज रात्री हळद घालून टांगा पिऊ लागली. घोड्याला शेवटपर्यंत कुणी काही विचारलं नाही. शालिनी म्हणते की मी तात्यांच्याही वर ताण केली.

इथे थंडी हाडांत शिरते. सकाळी लेखणी धरवत नाही. एक गोष्ट तुला सांगायची राहून जाते. इथल्या एका कचेरीत कायमची जागा निघालीय, दरवर्षी बिऱ्हाड हलवायला नको. शालिनीचं माहेरही इथलंच. मी अर्ज करून ठेवलाय. मिळेलच असं नाही, पण रोजच्या या ओढाताणीला मीही कंटाळलोय.

आणि आता आनंदाची बातमी. संक्रांतीला येतोय. तेरा तारखेला संध्याकाळच्या गाडीने. तात्यांसाठी इथली तिळाची गजक आणतो, दातांनी नाही तर जिभेने विरघळवतील. त्यांना सांग की नवे शब्द साठवून ठेवा.

आशीर्वाद आहेतच, तीळगूळ समक्ष.

लक्ष्मीकांत


छत्रीबाग, इंदूर
१६ जानेवारी १९५४

ती. दादास सा. नमस्कार.

तू आला नाहीस.

तेराला सकाळीच तात्यांनी खुणेने दाढी करवून घेतली. धुतलेलं धोतर, काळी टोपी, सगळं झालं. दुपारपासून टांगा टांगा चालू. मी दूध दिलं. पुन्हा म्हणाले, पुन्हा दिलं. मला वाटलं, तू येणार या आनंदात त्यांना भान नाही. ते नको म्हणत नव्हते, प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडे बघून पीत होते. शेवटी सगळं उलटून पडलं आणि धोतर पुन्हा बदलावं लागलं. दिवे लागल्यावर तुझी तार आली की येणं जमत नाही. ती मी वाचून दाखवली, पण पुढे कसलं मूळ मला रचता आलं नाही.

एक विचारते. तार ग्वाल्हेरची असायला हवी होती. तिच्यावर उज्जैनचं नाव आहे. ते कसं, एवढं कळव.

तुझी सगळी पत्रं मी तात्यांना वाचून दाखवते हे तुला ठाऊकच आहे. कायमच्या जागेचंही वाचलं होतं.

कुमुद


॥ श्री ॥

लष्कर, ग्वाल्हेर
२३ जानेवारी १९५४

चि. कुमुद हीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र तात्यांना वाचून दाखवू नकोस.

रजा मिळाली होती. मी उज्जैनला उतरलो, गाडी बदलायची म्हणून फलाटावर उभा राहिलो. गजकेचा पुडा हातात होता. समोर इंदूरची गाडी लागली आणि माझा पाय उचलेना. मनात एकच येत होतं, मी दारात उभा आहे आणि तात्या मला बघून भलतंच काही म्हणताहेत. पत्रातून मी त्यांच्या प्रत्येक शब्दाला मूळ देतो तेव्हा ते माझ्यासाठी पूर्वीचेच तात्या असतात. स्टेशनवर दफ्तराचं मूळ सांगणारे. इथे बसून मला ते वाकडं तोंड दिसत नाही, कुमे. गाडी गेली, मी तार केली आणि परतीच्या गाडीत बसलो. शालिनीला वाटतं की रजा रद्द झाली.

तू मला भेकड म्हणशील. म्हण. तुझ्या तोंडून ते बरोबरच ठरेल. सोबत उंबरठा आणि अडकित्ता या दोन शब्दांची मुळं लिहून पाठवतो, ती मात्र वाचून दाखव.

राग धर, पण पत्र लिहिणं बंद करू नकोस.

लक्ष्मीकांत


छत्रीबाग, इंदूर
४ फेब्रुवारी १९५४

ती. दादास सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र वाचून दाखवलं नाही. पाकीट बघून तात्या बराच वेळ वाट पाहत बसले. पहिल्यांदाच असं झालं. त्यांना काय कळलं असेल ते त्यांना ठाऊक. उंबरठा आणि अडकित्ता पाकिटातच आहेत.

गेल्या रविवारी उदयसिंह पुन्हा दारात आला. या वेळी त्याने मला हसू दिलं नाही. तो म्हणाला की बाईजी, रोज संझाला बाबूजी खिडकीतून मला हाक मारतात. डाव्या हाताने लगाम धरल्यासारखं करतात आणि स्टेशनच्या बाजूला बोट दाखवतात. भैयाजींच्या गाडीला जायचं असणार, इतकी वर्षं मीच त्यांना नेतोय, आणि तुम्ही मला दूध सांगता. हे सगळं तो हळू आवाजात, मान खाली घालून बोलला. माझा पेला तसाच हातात होता.

दुसऱ्या कुणाच्याही घरात हे आधी कळलं असतं, दादा. सरलाकाकूंना कळलं असतं. आपल्यालाच कळलं नाही, कारण आपण मूळ शोधत बसलो. त्यांनी त्या दिवशी तुझी वाट पाहत किती टांगे मागितले आणि मी त्यांना किती दूध पाजलं, ते आठवलं की अन्न गोड लागत नाही.

मी त्याला टांगा दारापाशी लावायला सांगितला. गल्लीतल्या शामला हाक मारली, दोघांनी तात्यांना खुर्चीसकट खाली आणलं. टोपी त्यांनी स्वतः एका हाताने घातली. संध्याकाळच्या गाडीला आम्ही स्टेशनच्या बाहेर टांग्यात बसून राहिलो. तू नाहीस हे मला ठाऊक होतं, पण ते त्यांना सांगायचं कुठल्या शब्दांनी? गाडी आली, माणसं बाहेर पडू लागली. वळकटी घेतलेला कुणी दिसला की तात्या डावा हात थोडा वर करायचे आणि तो जवळ आला की खाली घ्यायचे. सगळे गेले. हमाल बिड्या ओढत बसले. उदयसिंहाने घोड्यापुढे गवत टाकलं आणि तो आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मग तात्यांनीच हाताने चल अशी खूण केली.

घरी आल्यावर मी सवयीने पेला भरून नेला. तात्यांनी पेल्याकडे पाहिलं आणि म्हणाले, दूध. अगदी स्वच्छ.

तेव्हापासून त्यांनी टांगा म्हटलेलं नाही. उदयसिंह रोज दिवेलागणीला आपणहून खाली थांबतो. तात्या खिडकीतून बघतही नाहीत. आता पतंग मागितला की पाणी देताना मी आधी त्यांच्या तोंडाकडे बघते. कुणी सांगावं, एखाद्या दिवशी त्यांना खरोखर पतंगच हवा असेल.

मुळं पाठवू नकोस. तू ये. ते तुला काय म्हणतील याची भीती तुला आहे, मला ते काहीच म्हणेनासे होतील याची आहे.

लोभ मागत नाही, तुला मागते.

कुमुद


॥ श्री ॥

लष्कर, ग्वाल्हेर
२ मार्च १९५४

चि. कुमुद हीस अनेक आशीर्वाद.

इंदूरहून काल सकाळी सुखरूप पोचलो. तू बरोबर दिलेल्या पुऱ्या भोपाळपर्यंत पुरल्या. तुझे हात किती खरखरीत झालेत ते मी डबा घेताना पाहिलं.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती, तोंडाने सांगता आली नसती. मी न कळवता सकाळच्या गाडीने आलो, तू दार उघडलंस आणि चहा टाकायला आत गेलीस. तेवढ्यात मी वर गेलो. तात्या खिडकीशी खुर्चीत होते. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, अगदी पायांपासून. मग डाव्या हाताने टोपी सरळ केली, समोरच्या खुर्चीकडे बोट केलं आणि म्हणाले, पाहुणे. नंतर जिन्याकडे बघून पतंग म्हणाले. तू पाणी आणलंस ते त्यामुळे. तुला वाटलं, त्यांना स्वतःला हवंय.

मी होतो तेवढे दिवस ते माझ्या आधी जेवायला लागत नव्हते, तुझ्या लक्षात आलं असेल. आपली चांगली रजई त्यांनी मला द्यायला लावली. मी पाया पडलो तर हात मागे घेतला, जसा परक्याने वाकल्यावर घेतात. गजक ठेवून घेतली, खाल्ली नाही. मी जवळ बसून सगळी जुनी मुळं त्यांना सांगितली, उशी, खिचडी, दफ्तर. ते ऐकत होते आणि मधूनमधून मान हलवत होते. पाहुण्याचं बोलणं ऐकावं तसं.

फतेहाबादपासून मी एकच काम करतोय. मुलाला पाहुणा का म्हणतात याचं मूळ रचायचं. एरवी असलं काही मला गाडी सुटायच्या आत सुचलं असतं. उज्जैनला गाडी बदलली, बीनाला थांबली, झाशी गेली, आणि सुचलं नाही. पतंग म्हणजे पाणी, भोपळा म्हणजे चष्मा, तसाच हाही शब्द त्यांचा चुकला असेल. की जकातीसारखा, टांग्यासारखा बरोबर होता? तुला विचारणार होतो. आता विचारत नाही. तू मायेने काहीतरी सांगशील आणि ते मला नको आहे.

कायमच्या जागेचा अर्ज आज मागे घेतला. शालिनीला ते आवडलं नाही, तरी संध्याकाळी तिनेच ट्रंका खाली काढल्या.

एप्रिलात दफ्तर हलेल. दिवस कळला की लिहितो. उदयसिंहाला सांगून ठेव. तात्यांनी टांगा म्हटलं नाही तरी सांगून ठेव.

तात्यांना नमस्कार सांग. कुणाचा म्हणून सांगायचा, ते तूच ठरव.

लक्ष्मीकांत